राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय : वास्तू, इतिहास आणि कोल्हापूरचं नातं

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय हे केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाचं आर्ट म्युझियम आहे, पण एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे एनजीएमए (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट) असंच म्हणतात. मुख्य म्युझियम दिल्लीत इंडिया गेटच्या सर्कलवर जयपूर हाऊसमध्ये, एक शाखा मुंबईत काळा घोड्याजवळ (१९९६ पासून) आणि एक बेंगळुरूत पॅलेस रोडला (२००९ पासून). साधारण १८५० च्या पुढची भारतीय चित्रं, शिल्पं, प्रिंट्स, फोटो हा याचा विषय, आणि संग्रह १७ हजारांच्या वर आहे. त्याआधीचं सगळं, म्हणजे हडप्पापासून मुघल मिनिएचरपर्यंत, नॅशनल म्युझियमकडं, ती वेगळी संस्था आणि तिची इमारतही वेगळी, बरेच लोक या दोन्हींची गल्लत करतात.

या म्युझियमची गंमत अशी की देशाचं आर्ट म्युझियम असूनही तिन्ही शहरांत ते दुसऱ्याच कुणासाठी बांधलेल्या इमारतीत सुरू झालं. दिल्लीत एका महाराजांचं निवासस्थान, मुंबईत सभा-मैफिलींचा हॉल, बेंगळुरूत एका खाणमालकाची हवेली. आपल्या कोल्हापूरकरांना याचं काही नवल वाटायला नको, कारण आपल्याकडं टाउन हॉल म्युझियम सभेच्या हॉलमध्ये आहे आणि न्यू पॅलेसचं म्युझियम राजवाड्यात, म्हणजे दिल्लीचा आणि मुंबईचा असे दोन्ही नमुने गावातल्या गावात बघायला मिळतात. म्हणून ही नोंद दोन्हीकडं बघत लिहिलीय.

सुरुवात

स्वातंत्र्याच्या सुमारास म्हणजे १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनला रॉयल अकादमीत भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन झालं, त्यासाठी देशभरातनं वस्तू गोळा केल्या होत्या, आणि त्या परत आल्यावर दिल्लीत राष्ट्रपती भवनात मांडल्या, मग आता ज्याच्या त्याच्याकडं परत पाठवण्यापेक्षा कायमचंच म्युझियम करूया असं ठरलं आणि १५ ऑगस्ट १९४९ ला नॅशनल म्युझियम सुरू झालं. त्याला पुढं जनपथवर स्वतःची इमारत मिळाली, १९६० मध्ये ती उघडली, आणि तिचे आर्किटेक्ट होते गणेश भिकाजी देवळालीकर, सुप्रीम कोर्टाची इमारतही यांचीच. मराठी माणसाचं एवढं मोठं काम राजधानीत उभं आहे आणि आपल्याकडं दहा जणांना विचारलं तर एकालाही नाव माहीत नसतं, असो.

आधुनिक कलेचं वेगळं म्युझियम हवं हा विचारही १९४९ च्याच आसपासचा. पंडित नेहरू, मौलाना आझाद, हुमायून कबीर आणि त्यावेळची चित्रकार मंडळी यांनी तो लावून धरला आणि २९ मार्च १९५४ ला उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते, नेहरूंच्या उपस्थितीत उद्घाटन झालं. नवीन इमारत बांधत बसले नाहीत, जयपूर हाऊस घेतलं.

उद्घाटनाचं पहिलं प्रदर्शन चित्रांचं नव्हतं, शिल्पांचं होतं. देवीप्रसाद रॉयचौधुरी, रामकिंकर बैज, शंखो चौधुरी, धनराज भगत असे त्यावेळचे मोठे शिल्पकार त्यात होते. रॉयचौधुरींचं 'ट्रायम्फ ऑफ लेबर' यातलं सगळ्यात गाजलेलं, चार मजूर जीव खाऊन एक प्रचंड धोंडा हलवतायत, आणि त्यांच्या पाठी, पोटऱ्या, ताणलेले हात असे केलेत की ओझं किती असेल ते बघणाऱ्याला कळतं. चेन्नईच्या मरीना बीचवर हेच शिल्प आहे, आणि दिल्लीत म्युझियमच्या लॉनवरही आहे. महाराजांच्या घरापुढं मजुरांचं शिल्प, हे १९५० च्या दशकातल्या सरकारला किती आवडलं असेल याची कल्पना करा.

पहिले क्युरेटर हर्मान गोएट्झ, जर्मन कला-इतिहासकार, त्याआधी बडोद्याच्या म्युझियमचे प्रमुख. बडोद्यात त्यांनी म्युझियम कसं लावायचं याचा चांगला सराव केला होता, वस्तू मांडायच्या कशा, जपायच्या कशा, लायब्ररी का लागते, तो सगळा अनुभव दिल्लीला कामी आला. नंतर प्रदोष दासगुप्ता हे शिल्पकार बरीच वर्षं प्रमुख होते.

जयपूर हाऊस

१९३६ ची इमारत. ब्रिटिश आर्किटेक्ट लुटियन्सनं नवी दिल्ली आखली तेव्हा इंडिया गेटभोवती षटकोनी जागा ठेवून तिच्या कडेनं संस्थानिकांना प्लॉट दिले होते, हैदराबाद, बडोदा, पतियाळा, बिकानेर, जयपूर असे. हैदराबाद हाऊस आणि बडोदा हाऊस खुद्द लुटियन्सची डिझाइन्स आहेत, जयपूर हाऊस मात्र ब्लोमफिल्ड बंधूंचं, चार्ल्स आणि फ्रान्सिस. बऱ्याच ठिकाणी आर्किटेक्ट म्हणून सर आर्थर ब्लोमफिल्ड असं छापलेलं दिसतं, पण ते गृहस्थ १८९९ मध्येच वारले होते, तेव्हा नवी दिल्ली कुणाच्या डोक्यातही नव्हती. एकानं लिहिलं ते दुसऱ्यानं उचललं, असं झालेलं आहे.

प्लॅन फुलपाखरासारखा म्हणतात. मधे घुमटाचा भाग, त्याचं तोंड सर्कलकडं, आणि दोन्ही बाजूंना पंख पसरल्यासारखे दोन विंग. हे नुसतं शोभेसाठी नाही, गोल चौकाच्या कडेला प्लॉट असला की सरळ आयताकृती बंगला तिथं बसत नाही, दोन्ही बाजूंचे रस्ते तिरके जातात, मग मधला भाग चौकाकडं तोंड करून ठेवायचा आणि विंग रस्त्यांच्या कलानं वळवायच्या हा त्यातला शहाणपणा. लुटियन्सनं हीच युक्ती हैदराबाद हाऊसला वापरली होती. बाहेरनं बघितलं तर घुमट आहे, छज्जा आहे, म्हणजे हिंदुस्थानी म्हणायला पुरेसं आहे, पण नक्षीकामाचा सोस नाही, भिंती साध्या सपाट, १९३० च्या दशकाची आटोपशीर चव.

राहायला म्हणून उत्तम. म्युझियम म्हणून? इथं जरा थांबायला लागतं. घरात खोल्या असतात, खिडक्या असतात, दारं असतात, आणि चित्राला लागते सलग भिंत. खिडकीतनं येणारं ऊन कागदावरच्या वॉटरकलरला मारक असतं, तर मोठ्या कॅनव्हाससाठी मागं सरकून बघायला जागा लागते. सुरुवातीचा संग्रह लहान होता तोवर ठीक होतं, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ, जामिनी रॉय, नंदलाल बोस ही चित्रं तशी घरगुती मापाचीच, बैठकीत लावावीत अशी. पण पुढं पन्नास वर्षं संग्रह वाढतच गेला आणि जागा तेवढीच, त्यामुळं बहुतेक संग्रह कायम गोदामात. शेवटी मागच्या बाजूला नवी विंग बांधली, २००९ मध्ये ती उघडली आणि प्रदर्शनाची जागा आधीच्या जवळजवळ सहापट वाढली, शिवाय ऑडिटोरियम, लायब्ररी, चित्रं दुरुस्त करायची लॅब, कॅन्टीन वगैरे. थोडक्यात देशाच्या कला संग्रहालयाला मुद्दाम बांधलेली जागा मिळायला ५५ वर्षं लागली, तीही घराच्या मागं.

तिथं गेलात तर शेरगिलच्या चित्रांसाठी वेळ राखून ठेवा. १९३५ चं 'थ्री गर्ल्स' बघा, तिघी जणी अगदी जवळजवळ बसल्यात, पण कुणी कुणाकडं बघत नाही आणि आपल्याकडंही नाही, नजरा खाली, मागं कसलाही देखावा नाही, दागिन्यांचा थाट नाही, फक्त लाल, हिरवा, भगव्याकडं झुकणारा रंग आणि ते गप्प चेहरे. या चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, म्हणजे तिला पहिली मोठी दाद मुंबईनं दिली. मधल्या काळात ती अजिंठा बघून आली आणि दक्षिणेत फिरली, त्यानंतरची 'ब्राइड्स टॉयलेट' आणि 'ब्रह्मचारीज' ही दोन्ही १९३७ ची चित्रं इथंच आहेत, त्यात माणसं बसवायची पद्धत, तो मातकट लाल, सावळी अंगं, हे सरळ अजिंठ्याच्या भिंतीवरनं आलंय. आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या (तेव्हाचं औरंगाबाद) लेण्यांचं हे चित्र दिल्लीत राजाच्या घरात लागलंय असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. १९४१ मध्ये लाहोरला ती वारली तेव्हा वय २८.

मुंबईची शाखा

कोल्हापूरकरांना सगळ्यात सोयीची हीच. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी सीएसएमटी, वडापाव-चहा उरकायचा आणि रीगल सिनेमाच्या दिशेनं चालत सुटायचं.

इमारत सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल, १९११ ची, आर्किटेक्ट जॉर्ज विटेट. गेटवे ऑफ इंडिया आणि रस्त्यापलीकडचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) ही यांचीच. हॉल बांधला तो सभा आणि मैफिलींसाठी, स्वातंत्र्याआधीच्या कितीतरी राजकीय सभा तिथं झाल्या, पण १९५० नंतर चांगल्या ध्वनियोजनेचे नवे हॉल आले आणि याची रया गेली. मग बॉक्सिंगच्या मॅचेस, लग्नं, कपड्यांचे नि चामड्याच्या वस्तूंचे सेल, युनियनच्या सभा, जे मिळेल ते. शेजारी १९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली होती, तीही त्याच घराण्याच्या देणगीतली, पण ती भाड्यानं प्रदर्शन लावायची गॅलरी, स्वतःचा संग्रह असलेलं म्युझियम नव्हे. मुंबईतल्या कलावंतांनी, त्यात शिल्पकार पिलू पोचखानवाला आघाडीवर, हा हॉल आधुनिक कलेसाठी मिळावा म्हणून नेट लावला. काम रेंगाळत रेंगाळत बारा वर्षं चाललं आणि १९९६ मध्ये म्युझियम उघडलं.

आतलं डिझाइन रोमी खोसला यांचं. विटेटची बाहेरची भिंत वारसा म्हणून तशीच ठेवली, आणि आतल्या मोठ्या पोकळीत अर्धगोल गॅलऱ्या एकावर एक चढवल्या, जिन्यानं एकीतनं दुसरीत जायचं, असं करत करत शेवटी घुमटाखालच्या गॅलरीत पोचायचं. म्हणजे दगडी पेटीत नवीन लाकडी कप्पे बसवल्यासारखं. चित्रांच्या दृष्टीनं हे चांगलंच, भिंत मिळाली, एका चित्रापुढं दुसरं कुठं हे ठरवता येतं, आणि वरनं खालच्या मजल्यावरचं शिल्प डोक्याकडनंही बघता येतं, जे सपाट गॅलरीत कधीच होत नाही. पण हॉल म्हणून त्या वास्तूचा जो आवाका होता तो गेला. आत उभं राहून इथं हजारभर माणसांची सभा भरत असेल असं वाटत नाही.

२०१८ मध्ये याच शाखेत एम. व्ही. धुरंधर यांचं मोठं पुनरावलोकन प्रदर्शन झालं, आणि इथं आपला संबंध थेट येतो. महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले, शिकले राजाराम हायस्कूलला, १८९० मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टला गेले आणि पुढं तिथंच शिकवत शिकवत १९३० मध्ये प्रमुखपदावर बसणारे पहिले भारतीय झाले. पुस्तकांची चित्रं, पोस्टकार्डं, पोस्टर, पौराणिक प्रसंग, लग्नाच्या पंक्ती, बाजारातल्या बायका, काय काढलं नाही ते विचारा.

बेंगळुरूची शाखा

थोडक्यात सांगायचं तर माणिक्यवेलू मॅन्शन, माणिक्यवेलू मुदलियार नावाच्या खाणमालकाची हवेली, नंतर हात बदलत बदलत सरकारी खात्यांकडं गेली आणि २००९ मध्ये म्युझियम झालं. आवार मोठं, झाडं भरपूर, जुन्या घराला जोडून नवी गॅलरी. निवांत बसायला तिन्हींत हीच जागा चांगली.

कोल्हापुरातनं बघताना

आता आपल्या गावाकडं. भाऊसिंगजी रोडवर सीपीआर हॉस्पिटलसमोर जो टाउन हॉल आहे तो १८७२ ते १८७६ या काळात बांधला, आर्किटेक्ट मेजर चार्ल्स मँट, रॉयल इंजिनिअर्समधला अधिकारी. टोकदार कमानी, उतरतं उंच छप्पर, दोन्हीकडं मनोरे, म्हणजे गॉथिक पद्धत, आणि दगड मात्र आपला काळा. न्यू पॅलेसही याच मँटचा, १८७७ ला सुरू झाला आणि १८८४ ला पुरा झाला, पण मँट १८८१ मध्येच गेला. बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसचंही काम त्याच्याकडं होतं, ते रॉबर्ट चिझमनं पुरं केलं. शेवटी शेवटी मँटला असं वाटायला लागलं होतं की आपली गणितं चुकलीत आणि आपल्या इमारती पडणार, त्या ध्यासातच तो गेला असं सांगतात. टाउन हॉलला दीडशे वर्षं होत आली, कितीतरी महापूर बघितले या शहरानं, इमारत उभी आहे.

हॉलमध्ये म्युझियम आलं ते ब्रह्मपुरीमुळं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं, त्याआधी प्रा. कुंदनगारांनीही तिथं काम केलं होतं, आणि सातवाहन काळातलं गाव बाहेर आलं, त्यात रोमशी व्यापार होता याचा पुरावा. त्यातली पोसायडनची ब्राँझ मूर्ती बघाच. वीतभरसुद्धा नाही, ग्रीक-रोमन समुद्रदेव, उघडं अंग, दाढी, एक हात वर उचललेला. समुद्रापासून एवढ्या आत, घाट चढून, ही मूर्ती करवीरात कुणी आणली असेल, व्यापाऱ्यानं की व्यापाऱ्याकडनं कुणी हौशीनं घेतली असेल, विचार करत राहावं. तिच्या सोबतीला ब्राँझचा हत्ती, त्यावर बसलेली माणसं, भांडी, आरसा.

आता या दोन हॉलची तुलना करा. मुंबईनं आतनं सगळं बदललं आणि चित्रांना न्याय दिला, कोल्हापूरनं हॉल हॉलच ठेवला. म्हणून टाउन हॉलमध्ये शिरल्यावर आपली मान आधी वर जाते, छताकडं, कमानींकडं, आणि मग वीतभर मूर्ती बघायला काचेशी वाकायला लागतं. मला विचाराल तर हे वाईट नाही, पण छोट्या वस्तू त्या उंचीत हरवतात हे खरं, आणि नीट लाइट असली तर अर्धा प्रश्न सुटेल. न्यू पॅलेसचं गणित मात्र वेगळं. तिथलं म्युझियम तळमजल्यावर आहे आणि आतल्या वस्तू त्याच घराण्याच्या, पोशाख, हत्यारं, शिकारीच्या ट्रॉफ्या, दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग, म्हणजे घर आणि प्रदर्शन एकमेकांना सोडून नाहीत. जयपूर हाऊसमध्ये जयपूरचं काहीच नाही. शांतिनिकेतनचं चित्र, मद्रासचं शिल्प, पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनचं 'जमीन', सगळे पाहुणे, आणि यजमान केव्हाच निघून गेलेला.

आधुनिक कलेत कोल्हापूरचं काय, हा प्रश्न दिल्लीला जाऊन आलेला प्रत्येक कोल्हापूरकर विचारतो. दिल्लीतली गोष्ट साधारण अशी मांडलेली असते: ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली चित्रं, राजा रविवर्मा, मग बंगाल, शांतिनिकेतन, शेरगिल, १९४७ चा मुंबईतल्या तरुण चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप, पुढं. यात निसर्गचित्र आणि व्यक्तिचित्र करणारी पश्चिम महाराष्ट्राची वास्तववादी परंपरा जरा कडेला पडते. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलाखजिना कायद्याखाली ज्या नऊ चित्रकारांची कामं देशाबाहेर नेता येत नाहीत त्यांच्यातही ही परंपरा नाही, रविवर्मा, शेरगिल, जामिनी रॉय, तिघे टागोर (रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ), नंदलाल बोस, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक, झाली यादी. बंगालचं पारडं जड आहे हे सांगायला अभ्यासक लागत नाही.

कडेला पडलेल्या या परंपरेचं ठळक उदाहरण म्हणजे चित्रकार आबालाल रहिमान. जे. जे.त शिकून, बक्षिसं मिळवून हा माणूस कोल्हापूरला परत आला, शाहू महाराजांच्या आश्रयानं राहिला, गावातल्या कोटीतीर्थ तळ्याच्या आसपासचा निसर्ग रंगवत राहिला, आणि १९२२ मध्ये महाराज गेल्यावर आपली चित्रं त्यानं पाण्यात सोडली असं गावात सांगतात. १९३१ मध्ये गेला. जी कामं उरली त्यातली टाउन हॉल म्युझियममध्ये बघायला मिळतात, त्याच भिंतींवर बाबूराव पेंटर आणि दत्तोबा दळवीही आहेत. छोट्या वॉटरकलरमध्ये झाडाखालची सावली तो जांभळट ठेवतो, काळी करत नाही, जवळ जाऊन बघा म्हणजे लक्षात येईल. आणि राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे, सिनेमातल्या चंद्रकांतांनी स्वतःचं घर आणि चित्रं सरकारला देऊन टाकली, त्यांची पावडर शेडिंगची, म्हणजे कोरड्या पुडीनं छटा देऊन केलेली कामं दुसरीकडं सहसा बघायला मिळत नाहीत. म्हणजे इथंही राहतं घरच म्युझियम झालं, फक्त महाराजांचं नव्हे, पेंटरचं.

जाणाऱ्यांसाठी

एनजीएमएच्या तिन्ही जागा सोमवारी बंद, रविवारी रात्री महालक्ष्मीत बसू नका. मुंबईत कायमचा संग्रह लावलेला असेलच असं नाही, बहुतेकदा बदलती प्रदर्शनं असतात, त्यामुळं काय चालू आहे ते बघूनच निघावं. दिल्लीला जमत नसेल तर संग्रहातली बरीच कामं केंद्र सरकारच्या म्युझियम्स ऑफ इंडिया पोर्टलवर घरबसल्या बघता येतात, त्याचं 'जतन' नावाचं सॉफ्टवेअर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं केलेलं आहे. फोटो मोठा करून बघता येतो, पण शेरगिलचा लाल स्क्रीनवर जरा भडकच दिसतो.